जिथं भाषा बदलते तिथं हात वर

भावजी, तुमच्या लेकीला, साक्षीला काल सासरी पाठवली. गाडी शहापूरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट सांगायला माझा जीव नुसता वरखाली होतोय. घरात कुणाला सांगावी तर जे आहेत ते सगळे तिथं होतेच. नव्हतात ते एकटे तुम्ही. की होतात, ते वाचून झालं की तुम्हीच ठरवा.

तुमचे दादा ओटीवर आडवे झालेत. तुमची सुगंधा मागच्या दारी हळदीची पातेली घासतेय. मी म्हटलं राहू दे गो, माणसं येतील ती घासतील, तर म्हणते हात रिकामे नको. मांडव अजून उभा आहे. मी चष्मा लावून कागद घेऊन बसलेय, कारण तोंडानं सांगायला गेले तर मी एक बोलेन, तुम्ही मधेच दुसरं काढाल आणि आपलं नेहमीसारखं जुंपेल. लिहिताना तरी मला पुरतं बोलू द्या.

दिवाळीनंतर तुम्ही गेलात. ते कसं झालं ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवसाबद्दल मला तुमचा राग आहे आणि तो राहू दे. सुपारी फोडून, तारीख धरून, व्याह्यांना 'बेंजो आमचाच वाजणार' असं ठणकावून सांगून माणूस असा मधूनच उठून जातो का? जेवायला वाढलेलं ताट तरी कोणी असं टाकून जात नाही.

तुमच्या आईनं जाताना धवला माझ्या गळ्यात टाकला. मांडवाखाली बसायचं, गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, हे धवलारणीचं काम मी तेव्हापासून करते. खरं तर तुम्हाला माझ्याहून जास्त धवले पाठ होते. पण बाप्यांनी धवला म्हणायचा नसतो. सासूबाई सांगायच्या, आमचा काशिनाथ मांडवाच्या खांबाला टेकून नुसते ओठ हलवतो, आवाज काढत नाय. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही हाफ चड्डीत होतात, आणि माझ्याच लग्नात तुमचे ते हलणारे ओठ मी बघितले होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

मग तुम्ही मुंबई धरलीत. फोर्टातल्या हॉटेलात आधी भांडी, मग टेबलं. तिथला तो गोव्याचा म्हातारा पियानोवाला दुपारी जेवायला उठला की मॅनेजर टेप लावायचा. अमेरिकेतले गवई, पण आईबाप इटलीहून आलेले. पहिल्या दिवशी तुमच्या हातातली बशी हातातच राहिली म्हणे. घरी आलात ते पायातल्या चपला न काढता चुलीपर्यंत आलात.

"वहिनी, ठेका आपला हाय. एक दोन तीन, एक दोन तीन. देवाशपथ, आपल्या हळदीचा ठेका. मला वाटलं, मॅनेजर मुरबाडचा हाय का काय."

मी म्हटलं, आधी चपला काढा.

पुढच्या खेपेला मुरबाडच्या एसटीतून उतरलात ते कॅसेटींची पिशवी घेऊन. पियानोवाल्यानं दिल्या होत्या, आणि कॅसेटींबरोबर गोष्टीही. यातल्या कुणाचा बाप लोकांचे केस कापायचा, कुणाचा बंदरात माल उतरवायचा, कुणाची आई दुसऱ्यांचे कपडे शिवायची. सगळे गावाकडचे, पोटासाठी बोटीत बसलेले. आणि त्यांची ही पोरं, चांगले सूट घालून, जगाला वेड लावणारी. पुढं तुम्ही बेंजो घेतलात तेव्हा पेटीच्या झाकणाला आतून त्यांचे फोटो चिकटवलेत. एक तिरक्या टोपीचा, एक नुसताच हसणारा, आणि केस फुगवलेली एक बाई. पेटी उघडली की आधी ते तिघं दिसायचे, मग बेंजो. बाईचं गाणं मला आवडायचं. तिचा आवाज पोटातून यायचा. आपल्याकडं असती तर चांगली धवलारीण झाली असती, असं मी म्हटलं होतं, आणि तुम्ही ते आल्यागेल्याला सांगत सुटला होतात.

पण टोपीवाल्यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. त्यानं कार्यक्रमाच्या पाटीवर बसत नाही म्हणून आडनाव कापून छोटं केलं, असं तुम्हीच सांगितलंत. त्यानंच केलं की दुसऱ्या कुणी, ते तुम्हालाही नक्की आठवत नव्हतं. मला ते आवडलं नाही. ज्यानं आईबापाचं आडनाव कापलं त्याचं कौतुक तुम्ही माझ्या ओटीवर बसून करू नका, असं मी म्हटलं.

"आडनाव कापलं वहिनी, पण गाणं नाय कापलं," तुम्ही म्हणालात. "लोकं बोलले असतील ना, ते गावठी शब्द काढ म्हणून. नाय काढले त्यानं. इंग्लिश चाललंय, चाललंय, आणि मधेच आईच्या भाषेत घुसतो. भर हालमधी, सुटाबुटातल्या लोकांसमोर."

मी म्हटलं, मला काय कळतंय कुठली इंग्लिश आणि कुठली आईची. मला दोन्ही सारख्याच.

त्यावर तुमचे डोळे असे काही चमकले, की मला कळलं आता काहीतरी खूळ निघणार. तुम्ही टेप ओटीवर आणून ठेवलात, मला पाटावर बसवलंत, डोळे मिटायला लावलेत. "भाषा बदलली की हात वर करायचा." हातातलं तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून मी डोळे मिटले. बाई माणूस, घरात कामं पडलेली, आणि मी आंधळी कोशिंबीर खेळायला बसले. टेप सुरू झाला. गवई गात होता. छान गात होता, पण उभ्यानं गात होता, पाहुण्यांच्या घरात गातात तसा. आणि एका ठिकाणी त्याचा आवाज खाली बसला. कोणी दमून आपल्या उंबऱ्यावर बसावं तसा. माझा हात आपोआप वर गेला.

तुम्ही ओरडलात की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. परत लावलंत. दुसरं गाणं लावलंत. त्या बाईचं लावलंत. प्रत्येक वेळी माझा हात बरोबर जागी. तुम्ही अंगणात नाचलात भावजी, खरोखर नाचलात, आणि सुगंधा तुमच्याकडं बघून हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून तो आपल्या घरचा खेळ झाला. साक्षीला अक्षरं यायच्या आधी तो खेळ यायचा. आलेला पाहुणा चहा प्यायच्या आत त्याला हात वर करायला लागायचा. एकटे तुमचे दादा कधी खेळले नाहीत. पलीकडं दोर वळत बसायचे आणि म्हणायचे, "चाळे हायत नुसते." पण दोर वळता वळता ते टेपकडं तोंड करून बसायचे, हे मी बघितलंय.

मुंबई सोडून तुम्ही बेंजो पार्टी काढलीत, हॉटेलात पहिल्या दिवशी ऐकलेलं ते न्हाव्याच्या पोराचं गाणं पहिल्यांदा हळदीला वाजवलंत, ते आठवतंय का? कसं विसराल. पियानोवाला वाजवायचा तसं तुम्ही ते सावकाश, दर्दभरं वाजवलंत. नाचणारी माणसं एकेक करून खाली बसली. नवरीचा मामा जवळ येऊन हळूच विचारतो, "घरात कोण गेलं का?" तुम्ही रडवेले झाला होतात. मग ढोलकीवरच्या दिनेशनं न विचारताच लय दुप्पट केली. मग काय, तो मामाच सगळ्यांच्या पुढं. तेव्हापासून मुरबाडपासून शहापूरपर्यंत हळद म्हटली की 'ते विलायती वाजवा' सुरू झालं.

आणि तुमची ती शहापूरकडची म्हातारी. हळदीत ते गाणं ऐकून तुमच्याजवळ आली आणि म्हणाली, "हे माझ्या आईच्या म्हायेरचं गाणं हाय रे बाबा. लय दिसांनी ऐकलं." तुम्ही घरी आलात ते छाती फुगवून. मी म्हटलं, अहो त्या बिचारीला सांगायचं नाही का, की हे सातासमुद्रापलीकडचं आहे? खोटं पडलं ना ते.

"मी खोटं नाय बोललो, वहिनी. मी नुसता गप बसलो. तिच्या आईचं नसंल कशावरून? यांच्या आया पण अशाच गायच्या असतील लग्नात. तुमच्यासारख्या. आपल्या आईसारख्या."

'आपल्या आईसारख्या' म्हणताना तुमचा आवाज खाली बसला होता. मी तेव्हा हात वर करायला हवा होता, असं आता वाटतं. सुचलं नाही.

तुमचं मागणं मात्र एकच, आणि ते तुम्ही दरवर्षी लग्नसराईत काढायचातच. "वहिनी, एकदा माझ्या बेंजोवर धवला म्हणा. विलायतीच्या चालीत." आणि माझं उत्तरही दरवर्षी तेच. धवल्याला वाद्य लागत नाही. देवांना, गेलेल्यांना बोलवायचं म्हणजे माणसाचा गळा लागतो, मधे तार कशाला? तुम्ही म्हणायचात, तार नाय, रस्ता हाय. मी म्हणायचे, रस्ता आईनं आखून दिलाय, तोच पुरे. साक्षीची सुपारी फुटली त्या दिवशी, सगळे पाहुणे बसलेले असताना, तुम्ही पुन्हा काढलंत. "निदान हिच्या हळदीला तरी." मी म्हटलं, बघू. तुम्ही हसलात. "वहिनींचं बघू म्हंजे नाय. मला म्हाईत हाय."

नायच होतं. मी ते आज फिरवत नाही. धवला कसा म्हणायचा ते मला तुमच्या आईनं शिकवलं आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. पण मला वाटलं होतं, हा वाद आपण म्हातारे होईपर्यंत पुरवू. मला तो वाद आवडायचा, भावजी. लग्नसराई जवळ आली की मी वाटच बघायचे.

तुमच्यामागं तुमच्या दादांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, तारीख पुढं ढकलायची नाही, पण लग्न साधंच करायचं, बेंजो नको, नाच नको. दुसरी त्यांनी मला एकटीला सांगितली, गोठ्यात. "मांडवात त्याचं नाव घेऊ नको. वर्स झालं नाय अजून. वर्साच्या आतल्या माणसाला हाक मारायची नसते."

आपल्याकडं तसं मानतात, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी साक्षी माझ्याजवळ आली. लिंबाचं लोणचं घालत होते मी, ती शेजारी बसून फोडींना मीठ लावायला लागली. मग खाली बघूनच म्हणाली, "मोठी आई, पप्पांना बोलवशील ना? आजीला बोलवशील, आजोबांना बोलवशील. आणि पप्पांना नाय, असं कसं?"

मी तुमच्या दादांना जाऊन सांगितलं, घर तुम्ही चालवा, मांडवात काय म्हणायचं ते धवलारीण ठरवते. आजवर मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते दोर वळत होते, वळत राहिले. वर बघितलं नाही.

म्हणजे झालं काय, मी मोठ्या तोंडानं सांगून तर आले, आणि मग माझंच धाबं दणाणलं. मला माझा गळा माहीत आहे. तुमचं नाव आलं आणि गळा धरला तर? धवलारीण मांडवात रडली तर लग्नाला बरं नाही म्हणतात. त्यात तिकडं शहापूरचे व्याही बघत बसलेले. पोरीनं बाप मागितला होता, आणि तो आणायचं काम माझ्या गळ्याकडं होतं. विहिरीवर गेले, शेतावर गेले, जिथं कोणी नाही तिथं तुमचं नाव धवल्यात घालून बघितलं. एकदाही पुरं म्हणता आलं नाही.

आता ऐका परवाचं.

दुपार होती. मांडवाला उंबराची डहाळी बांधून झाली होती. साक्षी पाटावर, गालांना हळद, हातांना कोपरापर्यंत हळद, अशी गोड दिसत होती की माझी दृष्ट लागेल म्हणून मी तिच्याकडं बघतच नव्हते. बायका माझ्या मागं बसलेल्या, मी म्हणेन ते झेलायला. तेवढ्यात दिनेश आला. खांद्यावर तुमची बेंजोची पेटी; त्यालाही तुम्ही बेंजो शिकवला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "नुसती ठेवतो, काकी. काशिनाथदादाची पोर हाय." मांडवाच्या खांबाशी, बरोबर तुम्ही पोरवयात टेकून उभे राहायचात त्याच खांबाशी, त्यानं ती पेटी ठेवली. तुमच्या दादांनी पेटीकडं बघितलं, दिनेशकडं बघितलं, आणि पेटीच्या बाजूलाच मांडी घालून बसले. मला वाटलं, कोणी उघडू नये म्हणून बसलेत.

मी सुरू केलं. आधी गावदेवीला बोलावलं. मग वेशीवरच्या देवाला, म्हसा गावच्या म्हसोबाला. बायका मागून झेलत होत्या, आवाज छान लागला होता. मग घरातल्या गेलेल्या माणसांकडं वळले. तुमचे आजोबा, आजी. तुमचे वडील. तुमची आई, तिचं नाव घेताना मला नेहमी तिच्याच आवाजात घ्यावंसं वाटतं, तसं घेतलं. आणि मग पुढचं नाव तुमचं.

धवल्यात गेलेल्यांना तू म्हणून बोलवतात. देवांनाही. मी तुम्हाला जन्मात कधी तू म्हटलं नव्हतं, हाफ चड्डीत होतात तेव्हाही नाही. आणि आता मला 'काशिनाथा, तुझ्या लेकीच्या हळदीला ये' म्हणायचं होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मागच्या बायका थांबल्या. सुगंधानं पदर तोंडाला लावला. शहापूरची विहीणबाई मान वर करून बघायला लागली. साक्षी माझ्याकडं बघत होती. गेलं सगळं, असं वाटलं.

आणि मग आवाज आला तो विलायतीच्या चालीत.

मी ठरवलं नव्हतं. तुम्ही म्हणाल वहिनी खोटं बोलतात, तर खुशाल म्हणा, पण मी ठरवलं नव्हतं. काशिनाथा, तुझ्या लेकीच्या हळदीला ये. शब्द माझे, शब्द तुमच्या आईचे, आणि चाल तुमच्या त्या न्हाव्याच्या पोराची. एक दोन तीन, एक दोन तीन. ती चाल माझ्या गळ्यात कधी येऊन बसली होती कोण जाणे. नुसती बसली नव्हती भावजी, मांडी घालून बसली होती. आवाज कापला नाही. खाली बसला, आपल्या उंबऱ्यावर बसल्यासारखा, आणि तुमचं नाव पुरतं निघालं. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. मला हसू यायला लागलं होतं. मांडवात धवला म्हणताना हसणारी मी पहिलीच बाई असेन.

बेंजो वाजला नाही, हे लक्षात ठेवा. ते मी दिलं नाही. माणसाचा गळाच होता, मधे तार नव्हती. पण रस्ता तुमचा घेतला. अर्धं माझं, अर्धं तुमचं, आणि वाद आहे तिथंच आहे.

मागच्या बायकांना कळेना काय झेलायचं. व्याही एकमेकांकडं बघायला लागले, म्हातारीचं काय बिनसलं म्हणून.

आणि साक्षीनं हात वर केला.

हळदीनं माखलेला हात, सरळ वर. कोपरावरून हळद खाली ओघळत होती आणि ती रडतही होती आणि हसतही होती. मग सुगंधाचा हात वर गेला, पदर तोंडाला तसाच. मग दिनेशचा. मग शेजारच्या घरातल्यांचे, ज्यांना ज्यांना तुम्ही ओटीवर चहाच्या आधी तो खेळ खेळायला लावला होता त्या सगळ्यांचे. शहापूरच्या विहीणबाईला काही कळलं नाही, पण रीत असेल म्हणून तिनंही केला. मी गात होते आणि सगळा मांडव हात वर करून बसला होता, भावजी. तुम्ही असतात तर अंगणात नाचलाच असतात.

तुमचे दादा तेवढे मान खाली घालून होते. मी त्यांच्याकडं बघत तुमचं नाव आणखी एकदा घेतलं. त्यांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, आणि खाली आला तो सरळ पेटीच्या कडीवर. त्यांनी झाकण उघडलं. आतले ते तिघं त्यांच्याकडं बघत होते. दादांनी एकेकाकडं नीट बघून घेतलं आणि दिनेशला म्हणाले, "हिचं सगळ्यांना बोलवून होऊ दे. मग वाजव."